ऑक्झिलरी बॅटरीची वॉर्निंग आली? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

गणपतीला आठ दिवस कोकणात गेलो, तेव्हा इलेक्ट्रिक गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्येच ठेवली होती. परत आलो तर रिमोटने दार उघडेना. रिमोटमधलं लोखंडी पातं काढून दार उघडलं, तर आत स्क्रीन काळाठिक्कर. शेजारचे काका म्हणाले, "अहो, चार्जिंग संपलं असेल." चार्जिंग कसलं संपतंय! जाताना ७८ टक्के होतं. आदल्या आठवड्यात मात्र 'ऑक्झिलरी बॅटरी लो' असं दोनदा दिसलं होतं आणि मी ते 'बघू नंतर' म्हणून सोडून दिलं होतं.

इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते, तीच ही ऑक्झिलरी बॅटरी. दाराचं लॉक, स्क्रीन, सगळे कंट्रोल युनिट तिच्यावर चालतात. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे रिले, तेही तिच्याच करंटवर ओढले जातात. ती बसली की टाकी भरलेली असूनही कॉक उघडायला कुणी नसतं. पेट्रोल गाडीत इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इथे नसतो. मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर हिला चार्ज करतो, आणि बहुतेक गाड्यांत तो गाडी 'रेडी'मध्ये, म्हणजे चालवायला तयार, असताना किंवा चार्जिंगला लावलेली असतानाच चालतो. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून हिला टॉप-अप देतात, काही देत नाहीत. म्हणून गाडी 'रेडी' न करता नुसतं ॲक्सेसरीवर ठेवून तासभर गाणी ऐकत बसलं तर ही बॅटरी खाली होत राहते.

पहिली चूक मी स्वतः केली: सरळ नवी बॅटरी टाकली. तीन आठवड्यांनी तीच वॉर्निंग परत. मग कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "साहेब, बॅटरी ठीक आहे. रात्री कुणीतरी तिला पितंय."

पिणारा निघाला डॅशकॅम. ॲक्सेसरीच्या दुकानात त्याची वायर कायम सप्लाय असलेल्या फ्यूजवर टाकली होती, आणि पार्किंग मोडमध्ये तो सुमारे २५० मिलीअँपिअर खात होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करा: २४ तासांत ६ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे चार दिवसांत दोन तृतीयांश साफ. रोज ऑफिसला जायचो तोवर कन्व्हर्टर खड्डा भरून काढत होता, म्हणून कळलं नाही. जीपीएस ट्रॅकर आणि ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष तपासायचं सॉकेट) कायम खोचून ठेवलेलं स्कॅनरचं डोंगल, हेही याच जातीचे.

मीटर लावताना होणाऱ्या चुका

गाडी चालवून आल्या आल्या बॅटरी मोजली तर आकडा फसवा येतो. नुकत्याच झालेल्या चार्जिंगमुळे तो वर दिसतो. किमान चार-पाच तास, शक्यतो रात्रभर थांबा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी 'रेडी' करून परत मोजा. साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं (बॅटरी भरलेली असेल तर काही गाड्या थोडं कमी देतात). 'रेडी' असूनही आकडा १२.२वर अडून बसला, तर कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा मधली वायर बघायला हवी. ते सर्व्हिस सेंटरचं काम. नारिंगी रंगाच्या केबलना हात लावायचा नाही, त्यात शेकडो व्होल्ट असतात.

आकडा चांगला आहे आणि तरी सकाळी बॅटरी बसते? मग बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा, मॅन्युअल बघून निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि दोन-तीन तासांनी एकदा व सकाळी एकदा मोजा. टर्मिनल सुटं असूनही व्होल्टेज पडलं तर दोष बॅटरीचा. टिकलं तर गाडीतलं काहीतरी खातंय.

ते शोधायला मीटरने करंट मोजताना आणखी एक गडबड होते. दार उघडं ठेवलं, किल्ली खिशात घेऊन गाडीजवळ घुटमळलो, मोबाइल ॲप उघडून बघितलं, की गाडी जागी होते आणि मीटर काही अँपिअर दाखवतो. लोक घाबरून वायरिंग उसवायला घेतात! गाडी लॉक करा, किल्ली घरात ठेवा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. झोपलेल्या गाडीला साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत भागतं.

टर्मिनल तर आधी बघायचं, आणि तेच राहून जातं. पांढरा-हिरवा थर साचला असेल किंवा क्लॅम्प हाताने फिरत असेल तर नवी बॅटरीही वॉर्निंग देईल. गाडी रेडी, दिवे चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब.

बदलायची वेळ आलीच, तर एजीएमच्या (काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषून घेतलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या) जागी स्वस्तातली साधी टाकू नका. आणि इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची बॅटरी बसली तर जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून, ती जागी करता येते, पण तिच्यावरून दुसऱ्याची डिझेल गाडी स्टार्ट करून द्यायला जाऊ नका. स्टार्टर मोटर शेकडो अँपिअर ओढते, ही बॅटरी त्यासाठी बनवलेलीच नसते.

'ऑक्झिलरी बॅटरी' हेच नाव पेट्रोल-डिझेल गाडीत दिसलं तर अर्थ वेगळा. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) काही महागड्या गाड्यांत बॉनेटखाली किंवा सीटजवळ एक छोटी दुसरी बॅटरी असते, वॉर्निंग तिची असते. लोक मात्र मोठी बदलून मोकळे होतात.

डॅशकॅमची वायर इलेक्ट्रिशियनने इग्निशनच्या फ्यूजवर घेतली, दहा मिनिटांचं काम. पैसे देताना त्याने विचारलं, "जुनी बॅटरी कुठंय?" म्हटलं, एक्स्चेंजमध्ये दिली. तो हसला. "एकदा चार्जिंगला लावून तरी बघायची होती."