कमी गर्दीच्या स्की रिसॉर्टला निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी स्कीचा गॉगल बॅगेत ठेवावा आणि मगच बाकीची यादी हाती घ्यावी. रोजचा उन्हाचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही, कारण त्याच्या कडांमधून वारा, हिमकण आणि प्रकाश तिन्ही आत शिरतात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो आणि दर १००० मीटर उंचीमागे त्या किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे डोळ्यांवर वरून आणि खालून असा दुहेरी मारा होतो. आभाळ भरलेले आहे म्हणून गॉगल खोलीवर ठेवण्याचा शहाणपणा गेल्या वेळी आम्ही केला होता. पातळ ढग ही किरणे फारशी अडवत नाहीत आणि डोळ्यांची आग काही तासांनी, म्हणजे उपाय करण्याची वेळ निघून गेल्यावर, सुरू होते. ढगाळ दिवसासाठी फिक्या रंगाची जादा काचही घ्यावी, कारण गडद काचेतून उताराचे उंचसखल दिसत नाही.

उबदार कपड्यांविषयी सांगण्याची गरज नसावी. फक्त सुती काही नको. पायमोजे मात्र लांब, पातळ आणि एकच जोडी असावेत. दोन जोड्या घातल्या की बुटात सुरकुत्या पडून पाय सोलवटतात, तरीही दर वेळी कोणीतरी घालतोच.

कमी गर्दीच्या ठिकाणी भाड्याचे साहित्यही बेताचेच असते, म्हणून बुटाचे माप आधी कळवून ठेवावे. तेथे वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारतात ते बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायचे हे ठरवण्यासाठी. वजन कमी सांगितले तर स्की भलत्या वेळी सुटते, आणि कौशल्याची बढाई मारली तर पडताना सुटत नाही व गुडघा पिरगळतो. संकोच बाजूला ठेवून खरे सांगावे. अशा ठिकाणच्या दुकानात मनासारखा गॉगल मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नये.

सोबत नवशिके आणि सराईत दोघेही असतील, तर उतारांचा नकाशा आदल्या रात्री एकत्र बसून पाहावा. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ सोपे आणि निळा चौकोन मध्यम; युरोपात निळा रंग सोप्या उतारांचा आणि लाल मध्यम. शिवाय ही वर्गवारी त्या त्या डोंगरापुरती असते, म्हणून पहिली फेरी सवयीपेक्षा एक पायरी सोप्या उतारावर घ्यावी. नवशिक्यांसाठी प्रशिक्षकाची वेळ आधीच ठरवावी. रिकाम्या उतारावर आपण पडलो हे पाहणारेही कोणी नसते, त्यामुळे एकट्याने झाडीत शिरू नये आणि बचाव पथकाचा क्रमांक फोनमध्ये ठेवून फोन आतल्या खिशात ठेवावा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. खालच्या बाजूला असणाऱ्याला वाट देणे ही वरून येणाऱ्याची जबाबदारी आहे, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

हेल्मेट, सनस्क्रीन, पाणी, आणि पुन्हा एकदा, गॉगल.

लहान रिसॉर्टच्या लिफ्ट, म्हणजे उतारावर वर नेणारे पाळणे, आठवडाभर चालतीलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. विम्यात डोंगरावरील बचावकार्याचा खर्च आहे का ते वाचावे. गाडीने जाणाऱ्यांनी बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या घरीच एकदा चढवून पाहाव्यात.