अर्धवट युद्धातून सैन्य परत आणायचं का? वादविवादाची तयारी अशी करा

"परक्या देशातल्या अर्धवट युद्धातून सैन्य मागे घ्यावं" हा विषय कॉलेजच्या वादविवादात फिरून फिरून येतोच आणि पोरं सरळ व्हिएतनाम नाहीतर अफगाणिस्तान गुगल करून येतात. अरे आपल्या घरचं उदाहरण आहे ना, श्रीलंकेतली शांतिसेना, आयपीकेएफ. तेच घ्या, दोन्ही बाजूंना पुरून उरतं.

आधी तारखा पाठ करा. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि त्यानुसार आपलं सैन्य तिकडे गेलं. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला, ते झटकन वाकले म्हणून थोडक्यात निभावलं (सुरुवातीला हेच सांगा, मागच्या बाकांवरची कुजबुज बंद होते). मग ज्या एलटीटीईची (वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना) शस्त्रं जमा करून घ्यायची होती त्यांच्याशीच ऑक्टोबरात लढाई जुंपली, ऑपरेशन पवन. जून १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा म्हणाले, जुलैअखेर निघा. आपली शेवटची तुकडी त्रिंकोमाली बंदरातून निघाली २४ मार्च १९९० ला, तोवर दिल्लीत व्ही. पी. सिंग आले होते. सुमारे १,२०० जवान गेले.

"मागे घ्या" ही बाजू मिळाली तर भावनेत शिरूच नका, एकच प्रश्न लावून धरा, बोलावलं कोणी होतं? सरकारने बोलावलं, सरकारच जा म्हणतंय, मग थांबायचं कुठल्या हक्काने. वर प्रेमदासांच्या सरकारने त्याच एलटीटीईला आपल्याविरुद्ध शस्त्रं पुरवली, म्हणजे आपण कोणासाठी लढत होतो हे सांगणंच अवघड होऊन बसलं.

"थांबा" या बाजूला सगळे एकाच खड्ड्यात पडतात, "जवानांचं बलिदान वाया जाईल". मीपण पडलोय. सेकंड इयरला हे वाक्य आवाज चढवून म्हटलं, टाळ्या आल्या, आणि परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "मग अजून शंभर गेले की वसूल होतं का?" मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होता. आजही आठवलं की कान गरम होतात.

त्यापेक्षा तगडा मुद्दा म्हणजे आपल्या भरवशावर उभे राहिलेल्यांचं काय. श्रीलंकेतल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल आपल्या पाठिंब्यावर बसले होते, सैन्य निघालं तसे तेही भारतात आले. पण सगळ्यांनाच बोटीत जागा नसते ना. त्याच वर्षी जूनमध्ये एलटीटीई आणि श्रीलंका सरकार पुन्हा भिडले. इथे जपून, समोरचा म्हणेल की सैन्य निघालं म्हणूनच भडका उडाला हे कशावरून, युद्ध तर मे २००९ पर्यंत चाललं, तोपर्यंत थांबणार होतात का? उत्तर तयार ठेवा. माझं विचाराल तर मला निघणं बरोबर वाटतं, पण मागे राहिलेल्यांची सोय न करता निघणं नाही, आणि वादात खरी मजा ह्याच फटीत आहे. "घ्यावं का"ऐवजी "कधी, कोणत्या क्रमाने, मागे कोणाच्या हाती देऊन" असं बोलायला लागा, समोरच्याने तेवढा विचार केलेला नसतो.

शहिदाचं नाव घ्यायचं तर नीट वाचून घ्या. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटची आठवी बटालियन (८ महार), शहीद २५ नोव्हेंबर १९८७. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते दोन्ही बाजूंना वापरता येतात, म्हणूनच टाळ्यांसाठी वापरू नका.

खंडनासाठी एक पत्ता राखून ठेवा. कोणी "सन्मानाने परत आणू" म्हणालं की सांगा, मद्रासला सैन्य उतरलं तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत.

आणि हो, त्रिंकोमाली घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा. आमच्यातला एकजण घंटा वाजेपर्यंत त्रिकोणमिती म्हणत होता.