दुसऱ्याची वस्तू परत कशी करावी

पापनिवेदनाची, म्हणजे फादरांपुढे आपली पापे कबूल करण्याची, तयारी करताना दहा आज्ञांपैकी ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेपाशी ‘मी चोरी केलेली नाही’ असे म्हणून पुढे जाणे सोपे असते. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक धर्मशिक्षा, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, उसनी आणलेली किंवा सापडलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे आणि अन्याय्य मजुरी देणे यांचाही समावेश याच आज्ञेच्या भंगात करते. म्हणून आधी घरात नीट पाहावे. इंदूरच्या रामबागेतल्या शेजाऱ्यांकडून दिवाळीच्या साफसफाईसाठी आणलेली शिडी, वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक, घर सोडून गेलेल्या भाडेकरूची अडवलेली अनामत, कामवाल्या बाईंचे कापलेले पैसे. शेवटच्या दोन गोष्टी मला सर्वांत गंभीर वाटतात, कारण तिथे मागणाऱ्याचे आपल्यापुढे काही चालत नाही. अडवून ठेवलेली मजुरी देवापाशी ओरड करते, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटलेच आहे.

वस्तू शाबूत असेल तर तीच द्यावी, नसेल तर तशीच दुसरी किंवा तिची किंमत द्यावी, आणि मालकाला तिच्यापासून रीतसर जो लाभ झाला असता तोही भरून द्यावा. साड्यांना फॉल-पिको करून घर चालवणाऱ्या शेजारणीचे शिलाई मशीन सांगितलेल्या मुदतीनंतरही ठेवून घेतले असेल, तर मशीन पुसून, नवी सुई बसवून परत करणे पुरेसे नाही. त्या काळात तिचे जे काम बुडाले, त्याचे पैसेही द्यावे लागतात. शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने येशूपुढे चौपट परत देण्याचे वचन दिले, पण ते त्याचे औदार्य होते. तेवढे प्रत्येकाला बंधनकारक नाही.

मालक वारला असल्यास त्याच्या वारसांना द्यावे. सियागंज बाजारातल्या दुकानदाराने वर्षानुवर्षे मापात मारले असेल आणि गिऱ्हाइके आता सापडण्यासारखी नसतील, तर अंदाजाने तेवढी रक्कम गरिबांना द्यावी. मालक माहीत असताना मात्र तेच पैसे दानपेटीत टाकून मोकळे होता येत नाही.

स्वतःचे नाव उघड करण्याची सक्ती नाही. लाज आड येत असेल तर पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांनाच मार्ग विचारावा. ऐकलेले गुप्त ठेवणे त्यांना बंधनकारक असते. एकरकमी देणे खरोखरच अशक्य असेल तर हप्ते पाडावेत, कारण अडचणीमुळे परतफेड लांबते, पण माफ होत नाही. पहिल्या हप्त्याची तारीख मात्र पापनिवेदनाला जाण्याआधीच ठरवावी.