वर्ग सुधारायला गट पाडताय? या चुका टाळा

वर्गसुधारणेचा उपक्रम बहुतेक ठिकाणी तक्ते आणि रंगीत कागदांनी सुरू होतो आणि तिथेच अडकतो. नागपूरच्या वर्गांना छळतात ते उकाडा, धूळ आणि मागच्या बाकावरून न दिसणारा फळा. या गोष्टी आधी मोजा, मग कामाला लागा.

मोजतानाच पहिली चूक होते. तापमापी उन्हाने तापलेल्या भिंतीवर टांगली, तर ती भिंतीचं तापमान दाखवते. बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण एक मीटरवर, ऊन लागणार नाही अशी लावा. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि सुटताना आठवडाभर नोंद ठेवा. त्याच वेळी बाहेर सावलीतलं तापमानही लिहा. एप्रिलचा नुसता आकडा जुलैच्या आकड्याशी ताडण्यात अर्थ नाही, पावसाने हवाच बदललेली असते. आतबाहेरचा फरक बघा.

मुलांचा गट चार-पाच जणांचा पुरे. दहा जणांच्या गटात तिघं राबतात, बाकीचे बघत बसतात. एका गटाला एकच प्रश्न द्या. कोण मोजणार, कोण लिहिणार, सामान कोण सांभाळणार, मुख्याध्यापकांशी कोण बोलणार हे ठरवा आणि दर आठवड्याला कामं फिरवा. एकाच आठवड्यात एका गटाने खिडकीला चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) लावली आणि दुसऱ्याने बाक हलवले, तर गारवा कशाने आला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करा.

सर्वात जास्त मेहनत वाया जाते ती उकाड्याच्या कामात. पश्चिमेच्या काचेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावतात. पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बांबूची चिक खिडकीबाहेर बांधा आणि वारा खेळायला खाली वीतभर जागा सोडा. कूलर असेल तर दारं-खिडक्या बंद करू नका. तो बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती निघायला समोरची खिडकी उघडी नसेल, तर दमटपणा साचतो आणि मुलं चिकचिकतात. पावसाळी दमट हवेत तर त्याचा उपयोग फारच कमी. गच्चीला पांढरा चुना मारल्याने वरच्या मजल्याला खरंच फरक पडतो, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. ते काम मोठ्यांकडेच द्या, मुलांनी आधीच्या-नंतरच्या नोंदी घ्याव्यात.

कोरड्या झाडूने झाडलं की धूळ उडून परत बाकांवरच बसते. आधी पाण्याचा हलका शिपका मारा, बाक ओल्या फडक्याने पुसा.

फळा चमकतो तेव्हा आणखी ट्यूबलाइट मागायची घाई नको. उलट चमक दिसणाऱ्या प्रत्येक बाकावर बसून बघा. बहुधा एकाच खिडकीचा उजेड फळ्यावर पडत असतो.

बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी आठवड्यातून एकदा तरी बदला आणि बाटली आतून घासा, कारण डेंगीच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात. कूलरची टाकीही तशीच घासा.