इलेक्ट्रिक छोटा हत्ती घ्यायचा तर हिशोब कसा मांडायचा

आमचा माल म्हणजे अंजीर, सीताफळ, हंगामात वाटाणा आणि थोडी फुलं. पुरंदरच्या दहा-बारा शेतकऱ्यांकडून गोळा करायचा, सासवडहून दिवे घाटाने उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात द्यायचा, उरलेला हडपसरच्या आमच्या गाळ्यावर विकायचा आणि दुपारी रिकामी कॅरेटं घेऊन परत यायचं. गाडी नवरा चालवतो, वही मी ठेवते. जुना डिझेल टेम्पो काढायची वेळ आली तेव्हा गाड्यांची तुलना माझ्याकडे आली. आता गावातली बरीच मंडळी घरी येऊन विचारतात, "वहिनी, कुठली घेऊ?" त्यांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

कंपनीचं नाव शेवटी येतं. आधी वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहा: रोजचे किलोमीटर, सगळ्यात जड दिवसाचं वजन, भरलेली गाडी चढते की उतरते, आणि गाडी रात्री जिथे उभी राहते तिथली वीज. हे पान भरल्याशिवाय शोरूममध्ये गेलात तर विक्रेता तुम्हाला त्याच्याकडे उभी असलेली गाडी विकेल.

किलोमीटर अंदाजाने लिहू नका. पंधरा दिवस सकाळी निघताना आणि आल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवा. आमचा आकडा पंचाहत्तरच्या आसपास आला. सरासरीइतकाच महत्त्वाचा असतो सगळ्यात लांबचा दिवस. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो. मग बोपदेव घाटाने किंवा कात्रजकडून वळसा पडतो. तुमच्या भागातही असा एखादा दिवस असेलच: जत्रा, पुलाचं काम, लग्नसराईतली जादा फेरी.

आता बाजारात काय आहे ते बघू. टाटाची एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आली. तिचं इलेक्ट्रिक रूप, एस ईव्ही, २०२२ मध्ये जाहीर झालं: २१.३ युनिटची (कागदावर kWh लिहितात) बॅटरी, ६०० किलो माल. पुढे २०२४ मध्ये एक टनाची आवृत्ती आली. जून २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोमुळे लहान धंदेवाल्याला तुलना करणं सोपं झालं, कारण एकच गाडी तीन इंधनांत मिळू लागली. बाजारात आली तेव्हा पेट्रोल ३.९९ लाख, सीएनजी-पेट्रोल ४.९९ लाख आणि इलेक्ट्रिक ६.५० लाख, सगळे एक्स-शोरूम. माल ७५० किलो, हौदा साडेसहा फुटी, इलेक्ट्रिकची बॅटरी १४.४ युनिटची आणि एका चार्जिंगचा कागदावरचा पल्ला १५५ किलोमीटर. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये ७.५२ लाखांपासून आली, तिच्यात १८.४ आणि २१.३ युनिट अशा दोन बॅटऱ्या, माल ७६५ किलोपर्यंत. ऑयलरची टर्बो ईव्ही १००० सप्टेंबर २०२५ मध्ये ५.९९ लाखांपासून आली, एक टन मालाची. याखाली चार लाखांच्या आसपासच्या तीनचाकी आहेत, महिंद्रा ट्रिओ झोर, ऑयलर हायलोड, पियाजिओची आपे अशा. या किमती गाड्या आल्या तेव्हाच्या आहेत. आजची किंमत डीलरकडून लेखी घ्या, आणि ती ऑन-रोड, म्हणजे नोंदणी आणि विम्यासकट, घ्या.

तीनचाकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. धंदा सगळा शहरात असेल, हडपसर ते कोंढवा, गल्लीबोळातून पाणी जार किंवा किराणा पोचवायचा असेल, तर तीनचाकीच घ्या, जास्तीचे दोन-अडीच लाख अडकवू नका. पण रोज घाट असेल आणि कॅरेटं उंच रचावी लागत असतील, तर वळणावर चार चाकंच हवीत.

कागदावरच्या पल्ल्याला मी पहिल्यांदा कात्री लावते. १५५ लिहिलं असेल तर भरलेल्या गाडीला १०० ते ११० धरा. त्याहून चांगली रीत म्हणजे स्वतः मोजणं. डीलरकडून डेमो गाडी मागा, त्यात स्वतःचा माल भरा, स्वतःच्या रस्त्यावर न्या. निघताना आणि पोचल्यावर बॅटरीचे टक्के लिहा. चाळीस किलोमीटरला ३८ टक्के गेले, तर शंभर टक्क्यांत साधारण १०५ किलोमीटर. जो डीलर रिकामी गाडी शोरूमभोवती फिरवून आणतो आणि माल भरू देत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: हिशोब पाचव्या वर्षाचा करा. बॅटरी हळूहळू थकते. पाच वर्षांनी ती ८० टक्के उरली असं धरा. १०५ चे झाले ८४. त्यातले वीस टक्के कधी वापरायचेच नाहीत असं ठरवा, कारण गाडी रस्त्यात बंद पडली तर अंजीर दुपारपर्यंत टिकत नाही. उरले ६७ किलोमीटर. आमची रोजची फेरी पंचाहत्तरची. म्हणजे पहिल्या वर्षी आरामात पुरणारी १४.४ युनिटची बॅटरी पाचव्या वर्षी आम्हाला अपुरी पडणार, आणि कर्जाचे हप्ते तर त्याही वर्षी चालू असणार.

घाटाची भीती मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. दीड टन वजन, म्हणजे माल आणि गाडी मिळून, शंभर मीटर वर चढवायला सुमारे ०.४ युनिट लागतं. तोटा धरून अर्धं युनिट म्हणा. दोनशे मीटरची चढण म्हणजे एक युनिट, सपाटीवरचे सात-आठ किलोमीटर. आमचं तर आणखी सोपं: भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. उतरताना मोटरच जनरेटरसारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते आणि ब्रेकही कमी झिजतात. एक खबरदारी घ्या. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, आणि मोटरने लागणारा ब्रेक सैल पडतो. सासवडहून घाटमाथ्यापर्यंत आठ-दहा किलोमीटर मिळतात, तेवढ्यात जागा होते. तुमचं घर घाटमाथ्यालाच असेल, तर गाडी नव्वद टक्क्यांवर थांबवून निघा. ज्यांची भरलेली गाडी घाट चढते, खालून सिमेंट किंवा खताच्या गोण्या वर आणतात, त्यांनी जास्त ताकदीची मोटर आणि मोठी बॅटरी बघावी. चढावर मध्येच थांबून पुन्हा उचलून दाखवा, असं डेमोच्या वेळीच सांगावं.

वजनाबद्दलही तपासून घ्या. ७५० किलो वाचायला बरं वाटतं, पण फुलं आणि पालेभाजी वजनाआधी जागा भरतात, आणि अंजिराच्या पाट्या एका मर्यादेपलीकडे एकावर एक ठेवताच येत नाहीत. आम्ही आमची रिकामी कॅरेटं शोरूममध्ये नेऊन हौद्यात रचून बघितली, फाळका लावून. विक्रेता चकित झाला, पण कॅटलॉगमधल्या फुटांपेक्षा ते जास्त खरं होतं. टोमॅटो-कांद्यावाल्यांचं उलटं असतं, त्यांचं वजन आधी भरतं. त्यांनी एक टनाच्या गाड्याच बघाव्यात. ७५० किलोच्या गाडीत रोज हजार किलो भरायचा विचार करू नये. पल्ला, टायर, ब्रेक आणि वॉरंटी चारही जातात.

आता पैसे. इथे मी खरा स्पर्धक सीएनजी मानते, पेट्रोल नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो आधीच ५ टक्के होता, तो तसाच राहिला. त्यामुळे ३.९९ लाखांची पेट्रोल गाडी फक्त कराच्या फरकाने ३.६८ च्या आसपास येते आणि ४.९९ ची सीएनजी ४.६० च्या. जुने लेख वाचून हिशोब करणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं. इलेक्ट्रिक आणि सीएनजीमधलं अंतर १.५ वरून १.९ लाखांवर गेलं, पेट्रोलशी २.८ लाखांवर.

चालवायचा खर्च असा धरा. भरल्या गाडीला चार्जिंगमधला तोटा मिळून किलोमीटरला ०.१६ युनिट. वीज बारा रुपये धरली तर दोन रुपये किलोमीटर. पेट्रोल लिटरला सोळा किलोमीटर, १०४ रुपये लिटर: साडेसहा रुपये. सीएनजी किलोला वीस, ९२ रुपये किलो: चार रुपये साठ पैसे. तुमचे स्वतःचे दर यात घाला. आमच्या आकड्यांनी पेट्रोलशी तुलना केली तर किलोमीटरला साडेचार रुपये वाचतात, आणि जादा दिलेले २.८ लाख सुमारे ६२,००० किलोमीटरला फिटतात. सीएनजीशी तुलना केली तर २.६० रुपये वाचतात, १.९ लाख फिटायला ७३,००० किलोमीटर लागतात. वर्षाला तीनशे दिवस पंचाहत्तर किलोमीटर म्हणजे २२,५००. म्हणजे पेट्रोलशी पावणेतीन वर्षं, सीएनजीशी सव्वातीन. ज्याची गाडी रोज तीसच किलोमीटर फिरते, त्याला सीएनजीच्या तुलनेत आठ वर्षं लागतील. अशा माणसाला मी सरळ सांगते, सीएनजी घ्या, नाहीतर चांगली जुनी गाडी बघा.

विजेचा बारा रुपये दर मी मुद्दाम वरचा धरला आहे. घरगुती मीटरवर गाडी लावलीत तर रोजची बारा युनिटं म्हणजे महिन्याला तीनशे युनिटं वाढतात, आणि महावितरणच्या टप्प्यांत तुम्ही वर सरकता. ही तीनशे युनिटं वरच्या टप्प्याच्या दराने मोजायची असतात. बिलाचा सरासरी दर काढून मोजलंत तर खर्च कमी दिसतो. गाडीसाठी वेगळं मीटर घेणं परवडतं का, ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावायचा विचार मनातही आणू नका. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते, आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, वीज असते तीही ठरलेले आठ-दहा तासच. गावठाणच्या फीडरवर रात्री दाब (व्होल्टेज) किती उतरतो तेही बघा. दाब फार उतरला की चार्जर थांबतो आणि पहाटे तीनला उठल्यावर गाडी निम्मीच भरलेली सापडते. घरात सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्या. हा खर्च गाडीच्या किमतीत धरा.

मग पाचव्या वर्षीच्या अपुऱ्या बॅटरीचं आम्ही काय केलं? दोन वाटा होत्या. एक, लाखभर जास्त घालून २१ युनिटची गाडी. पण मग सीएनजीशी बरोबरी व्हायला पाच वर्षं लागत होती. दुसरी, वाटेतला प्लग. हडपसरच्या गाळ्यावर गाडी सकाळी दोन-तीन तास उभीच असते. साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर दोन तासांत सहाएक युनिटं भरतात, म्हणजे जवळजवळ चाळीस किलोमीटर. गाळेमालकाशी बोलून सबमीटर लावला आणि १४.४ ची गाडी घेतली. तुमची गाडी दिवसा कुठे निवांत उभी राहते ते शोधा: सोसायटीचं गेट, आडत्याचा गाळा, भावाचं दुकान. तिथे सॉकेट मिळालं तर मोठी बॅटरी घ्यायची गरज पडत नाही. ज्यांना दिवसात दोन लांब फेऱ्या आहेत आणि मध्ये थांबाच नाही, त्यांनी मात्र जलद चार्जिंगची सोय असलेली मोठी गाडीच घ्यावी.

सवलतींच्या बाबतीत तोंडी शब्दावर जाऊ नका. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत छोटे चारचाकी टेम्पो बसत नाहीत. तिथे ट्रक आहेत ते साडेतीन टनांच्या वरचे. महाराष्ट्राचं २०२५ चं ईव्ही धोरण मार्च २०३० पर्यंत आहे आणि त्यात मोटार वाहन कर व नोंदणी शुल्काची माफी आहे. अनुदान मिळणार असं डीलर म्हणाला, तर ते किमतीतून आजच वजा करणार की नंतर खात्यात येणार, हे कोटेशनवर लिहून घ्या. नंतर येणाऱ्या पैशाच्या भरवशावर हप्ता ठरवू नका. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परवाना (परमिट) लागत नाही, केंद्राने २०१८ मध्येच तशी सूट दिली आहे. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत असते, कोटेशनमध्ये ती दिसते का ते तपासा. चालकाकडे साधं हलक्या वाहनाचं लायसन्स असलं तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. कर्ज देणारी संस्था इलेक्ट्रिकला व्याज जास्त लावते का, मुदत कमी देते का, हे दोन-तीन ठिकाणी विचारा. अर्ध्या टक्क्याचा फरकही पाच वर्षांत जाणवतो.

शेवटचं काम सर्व्हिस सेंटरवर जाऊन करायचं. शोरूममध्ये नव्हे, मागच्या शेडमध्ये. बॅटरी उघडायला शिकलेला मेस्त्री इथेच आहे का, की गाडी दुसऱ्या शहरात पाठवतात? कंट्रोलर बिघडला तर सुटा भाग किती दिवसांत येतो? तोवर दुसरी गाडी देता का? तिथे दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या चालकाशी बोला, तो खरं सांगेल. आणि वॉरंटीचा कागद घरी आणून सावकाश वाचा: किती वर्षं, किती किलोमीटर, आणि बॅटरी किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार. तो टक्का कागदावर लिहिलेला नसेल, तर लिहून मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.