१.३ मल्टीजेट डिझेल: सगळा खेळ तीन लिटर ऑइलचा, म्हणून या चुका टाळा

सकाळी गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन सेकंदं इंजिनातून साखळी हलवल्यासारखी खळखळ ऐकू येते. मग आवाज बसतो आणि आपण कामाला निघतो. जुनी डिझेल स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, क्वाड्राजेटवाली इंडिका व्हिस्टा, मान्झा किंवा झेस्ट चालवणाऱ्यांनी हा आवाज कानाआड करू नये. या सगळ्या गाड्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन आहे: फियाटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टीजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट.

युरोपात ते २००३ मध्ये आलं. भारतात सुझुकीने परवाना घेऊन मानेसरला बनवलं, आणि फियाट-टाटांच्या कारखान्यात आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनलं. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. मला ते नाव अगदी पटतं.

चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी. स्विफ्टमध्ये ४००० आरपीएमला ७५ पीएस ताकद आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. एसएक्सफोर आणि अर्टिगात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा, पात्यांचा कोन बदलणारा पंखा) लावून तेच इंजिन ९० पीएसपर्यंत नेलं. कागदावरचे हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण इंजिन किती टिकेल हे ठरवणारा आकडा वेगळाच आहे: त्यात ऑइल बसतं जेमतेम तीन लिटर.

या तीन लिटरवर काय काय अवलंबून आहे बघा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो, आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबाने पुढे सरकतो. दाब यायला उशीर झाला की चेन सैल पडते आणि सकाळची ती खळखळ होते. व्हॉल्व्हची फट जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टरही त्याच दाबावर चालतात. मोठ्या इंजिनात अर्धा लिटर कमी झालं तर भागून जातं. इथे अर्धा लिटर म्हणजे सहावा हिस्सा.

माझ्या मामांच्या गाडीने ही सकाळची खळखळ सहा महिने दिली होती. "डिझेल आहे, आवाज करणारच," असं म्हणून त्यांनी ती चालवली, आणि मीही त्यांना अडवलं नाही. एका पहाटे खंबाटकी घाट चढताना इंजिन बंद पडलं ते पडलंच. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं तेव्हा कळलं: चेन दात सोडून सरकली होती, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटले होते, दोन व्हॉल्व्ह वाकले होते. ऑइलची पातळी बघायच्या डिपस्टिकच्या टोकालाही ऑइल लागत नव्हतं. गाडी गळत नव्हती. वर्षभर थोडं थोडं जळत गेलं आणि भर कुणीच घातली नाही, इतकंच.

म्हणून पहिली चूक: सर्व्हिस ते सर्व्हिस डिपस्टिक न काढणं. दर दोन आठवड्यांनी, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पातळी बघा. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. घाबरायचं ते पातळी न भरता वाढली तर. याचा अर्थ बहुधा डिझेल फवारणारा इंजेक्टर गळून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ऑइल पातळ होतं, आणि अशी गाडी चालवणं म्हणजे बेअरिंग घालवणं.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती सल्ला म्हणून मिळते. चेनचा आवाज आला की काही फिटर जाड ऑइल टाकतात, २०डब्ल्यू-४० वगैरे. आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश. पण जाड ऑइल थंडीत सकाळी वर चढायला वेळ घेतं, आणि नेमक्या त्याच सेकंदांत टेन्शनर आणि टर्बो कोरडे राहतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल घाला. गाडीनुसार ते ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० असतं. दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा फिल्टरसकट बदला. शहरातच फिरत असाल तर त्याआधी. चेनला बेल्टसारखी ठरलेली मुदत नाही, म्हणून खळखळ हीच तिची मुदत समजा. बदलताना चेनबरोबर टेन्शनर आणि गाइडही नवे घाला, नुसती चेन नको.

घाटात गिअर न उतरवणं हीही जुनी खोड. २००० च्या खाली टर्बो नीट भरत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर पाय दाबून गाडी रेटली की ती थरथरते, काजळी साचते, चेनला हिसके बसतात. दुसरा गिअर टाका, २२०० वर राहू द्या. घाट चढून वर थांबलात तर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवा, तापलेल्या टर्बोत ऑइल करपत नाही.

गाडीचं पिकअप गेलं आणि मागून काळा धूर येतोय, की लोक थेट टर्बो बदलायला निघतात. थांबा. आधी टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारे होज तपासा. चीर पडली असेल तर तिथे ऑइलचा ओलसर डाग दिसतो आणि रेस दिल्यावर शिट्टी ऐकू येते. मग एअर फिल्टर, मग ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप. ईजीआर काजळीने चोक झाला असेल तर काढून साफ करायचा, पत्रा लावून बंद करायचा नाही. निळा धूर आला तर मात्र टर्बोच्या सीलवर शंका घ्या.

थंड इंजिन सुरू करताना फस्-फस् आवाज, केबिनमध्ये धुराचा वास, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर: हा इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेल्याचा पुरावा. वॉशर स्वस्त आहे. दुर्लक्ष केलं तर तो थर दगड होतो आणि इंजेक्टर हेडमधून निघतच नाही. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात दोनदा तरी काढा. या इंजिनात डिझेल हजार बारहून जास्त दाबाने मारलं जातं, तिथे पाण्याचा थेंबही इंजेक्टरला महागात पडतो.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, म्हणजे मालकाने तुमच्या आधी ती सुरू करून ठेवली आहे आणि थंड इंजिनाची खळखळ तुम्हाला ऐकू येणार नाही. चहा घ्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जा.