होडीला फायबर मारताना या चुका टाळा

पहिल्या हंगामानंतर आमची बारा फुटी प्लायवूडची होडी उलटी केली, तेव्हा नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, तळहाताएवढा फुगा दिसला. अंगठ्याने दाबला की आतून कुरकुर आवाज यायचा. सुरीने कापून काढलं तर फायबरची, म्हणजे रेझिन या कडक होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून बसवलेल्या काचेच्या कापडाची, पापडी अख्खीच्या अख्खी निघाली. तिच्या आतल्या बाजूला लाकडाचा एकही धागा नव्हता आणि खालचं प्लाय ओलं होतं. कापड उत्तम होतं, रेझिनही कडक झालं होतं, पण लाकडाला काहीच धरलं नव्हतं. घरी बांधलेल्या होड्यांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून त्याबद्दलच आधी सांगतो.

स्वस्त पडतं म्हणून बहुतेक जण पॉलिएस्टर रेझिन घेतात. पूर्ण फायबरची होडी साच्यातून काढायची असेल तर ते चांगलंच आहे. पण लाकडावर त्याची पकड कमी, आणि सागासारख्या तेलकट लाकडावर तर फारच कमी. प्लायच्या होडीला इपॉक्सी रेझिन वापरा. खर्च वाढेल, पण काम दोनदा करावं लागणार नाही. प्लायसुद्धा आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा घ्या.

जुन्या फळ्यांच्या होडीवर फायबर मारायचा विचार असेल तर जरा थांबा. कोकणात अशा होड्यांना वर्षानुवर्षं उंडीचं, काजूच्या टरफलाचं किंवा माशाचं तेल पाजलेलं असतं. वरून पॉलिश पेपर मारून हे तेल जात नाही, आणि त्यावर कुठलंच रेझिन नीट धरत नाही. शिवाय फळ्या पाण्यात फुगतात, उन्हात आकसतात आणि वरचा पातळ थर सांध्यावर फाडतात. माझ्या मते अशा होडीला फायबर मारूच नये.

दुसरी चूक कापड निवडताना होते. दुकानात सहज मिळते ती तुकड्या धाग्यांची मॅट, चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमची. तिचे धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या पातळ द्रवात विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यामुळे मॅट ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि रेझिन नुसतं पीत राहते. इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्या. लहान होडीला २०० ग्रॅमचं पुरतं. मॅट तिच्या वजनाच्या अडीचपट रेझिन खाते, विणलेल्या कापडाला जवळपास तेवढ्याच वजनाचं पुरतं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद, हा समज सोडा. कापड रेझिनवर तरंगलं की थर जड आणि ठिसूळ होतो. बरोबर भिजलेलं कापड पारदर्शक होतं आणि त्याची वीण हाताला लागते. पांढरे ठिपके दिसले तर तिथे हवा राहिलीय, आणि आरशासारखी चकाकी दिसली तर रेझिन जास्त झालंय. जास्तीचं रेझिन प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढा.

काचेचा धागा धारदार कडेवरून वळत नाही, उचलला जातो. बाहेरच्या कडा रंधा मारून बोटाएवढ्या गोल करा, आतले कोपरे पुट्टीने भरून घ्या. आणि फक्त बाहेरून कापड लावून थांबू नका. होडी खडकावर आदळते तेव्हा फळी आत वाकते आणि ताण आतल्या बाजूवर येतो. निदान तळाला आतूनही एक थर हवाच.

आता वेळेचं बघू. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून डागडुजी नेमकी पावसात निघते. फायबरच्या कामाला ती सगळ्यात वाईट वेळ. लाकूड आणि कापड दोन्ही दमट असतात, आणि इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती तशीच ठेवून पुढचा थर मारला की थर सुटतो. पॉलिश पेपर लावण्याआधी ती साध्या पाण्याने, खरखरीत स्पंजने धुऊन काढा. उन्हाळ्यात वेगळीच अडचण येते. सकाळी काम धरलं की ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि रेझिनमध्ये बुडबुडे उठतात. ऊन उतरायला लागल्यावर, दुपारनंतर काम सुरू करा.

हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा द्रव, अंदाजाने घालू नका, काट्यावर मोजा. इपॉक्सीत तो वाढवला तर ते लवकर सुकत नाही, उलट मऊ राहतं. पॉलिएस्टरला १ ते २ टक्के, कडक उन्हात १ च्या जवळ. त्यातही कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर कडक व्हावं म्हणून घालतात तो द्रव) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच हार्डनर घाला. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका.

फुगा शोधायला नाण्याने ठोकत जा. टणटणीत आवाज म्हणजे पकड चांगली, बद्द आवाज म्हणजे थर सुटलाय. तेवढा भाग पेन्सिलने आखा, चांगल्या पकडीपर्यंत कापून काढा, लाकूड पूर्ण वाळू द्या आणि कडा लांब उतरती घासून मगच नवं कापड लावा.

काम सुरू करण्याआधी त्याच प्लायच्या तुकड्यावर कापडाची पट्टी चिकटवा, एक टोक मोकळं ठेवा. आठवड्याने ते पकडीत धरून जोरात ओढा. पट्टीसोबत लाकडाचे धागे उपटून आले तरच होडीला हात लावा.